अठरा संघांचा ‘बिग टेन’ : वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची कॉलेज फुटबॉलविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदाची बहुतेक पत्रे ओहायो, मिशिगन, इंडियाना, आयोवा आणि मिनेसोटा या पट्ट्यातली असल्यामुळे सगळी उत्तरे ‘बिग टेन’ या एकाच कॉन्फरन्सभोवती ठेवली आहेत. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे एकदा सांगून ठेवतो; पायाने खेळायच्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षांपूर्वी कोलंबसला आलो. सामन्याच्या शनिवारी सारे शहर लाल-करड्या कपड्यांत दिसते आणि सोमवारी कार्यालयात दुसरा विषय नसतो. खेळाचे नियम मी जेमतेम शिकलो आहे. पण कॉन्फरन्स म्हणजे नेमके काय, तिच्या नावात दहा आणि संघ अठरा असे का, आणि एक अख्खा हंगाम पाहायचा तर सुरुवात कोठून करावी, हे कोणी नीट सांगत नाही. (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उत्तर : आपसांत सामने खेळणारी आणि त्या सामन्यांचे वेळापत्रक, पंच, प्रक्षेपणाचे हक्क व विजेतेपद यांची व्यवस्था एकत्र पाहणारी विद्यापीठे ज्या मंडळात येतात, ते मंडळ म्हणजे कॉन्फरन्स. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी १८९५ मध्ये शिकागोत एक बैठक बोलावली आणि पुढच्याच वर्षी सात विद्यापीठांनी हे मंडळ स्थापन केले. मैदानावरचा कारभार प्राध्यापकांच्या हाती राहावा आणि विद्यार्थी नसलेल्यांना कोणी संघात घुसवू नये, हा तेव्हाचा हेतू होता. आजचा पैशाचा ओघ पाहिला की या हेतूची आठवण करून देणेसुद्धा थोडे खट्याळपणाचे वाटते.

मिशिगन मधल्या काळात बाहेर पडले होते. ते १९१७ मध्ये परतल्यावर संख्या दहा झाली आणि ‘बिग टेन’ हे नाव रूढ झाले. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठ बाहेर पडले आणि काही वर्षांत मिशिगन स्टेट आले, तेव्हा दहाचा मेळ पुन्हा बसला. १९९० मध्ये पेन स्टेटला घेतल्यावर मात्र नाव आणि संख्या यांची फारकत झाली. नाव बदलायचे नाही म्हणून बोधचिन्हातल्या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत अकराचा आकडा लपवण्याची युक्ती तेव्हा केली होती. पुढे २०११ मध्ये नेब्रास्का आणि २०१४ मध्ये मेरीलँड व रटगर्स आले, आणि २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून ओरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए व यूएससी हे चौघे दाखल झाले. आता अठरांसाठी कोणी काही लपवण्याच्या भानगडीत पडत नाही.

नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी तो सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, थँक्सगिव्हिंगला लागून, संपतो. बारांपैकी तीन सामने कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी आणि नऊ कॉन्फरन्समध्ये होतात. बाहेरचे तीन बहुधा सप्टेंबरमध्येच उरकतात. त्यांतले पुष्कळसे एकतर्फी असतात, कारण मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांना पैसे देऊन पाहुणे म्हणून बोलावतात. नव्या प्रेक्षकाने या सामन्यांत नियम शिकावेत आणि खेळाडूंचे चेहरे ओळखीचे करून घ्यावेत, एवढे पुरे आहे. ते अगदीच निरर्थक असतात असे मात्र म्हणवत नाही. २००७ मध्ये कॉन्फरन्सची स्वतःची ‘बिग टेन नेटवर्क’ ही वाहिनी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्याच शनिवारी, १ सप्टेंबरला, क्रमवारीत पाचव्या असलेल्या मिशिगनला ॲपलेशियन स्टेट या खालच्या विभागातल्या संघाने मिशिगनच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. कॉन्फरन्सच्या वाहिनीला याहून अवघड मुहूर्त मिळाला नसता.

सुरुवात कोठून, याचे माझे उत्तर असे, की आपण राहता त्या शहराचा संघ, म्हणजे ओहायो स्टेट, आपला मानावा, कारण कोलंबसमध्ये राहून दुसरा संघ निवडण्याचे धैर्य आपल्यात असेल असे पत्रावरून वाटत नाही. परंतु दर शनिवारी आपल्या संघाचा नसलेला आणखी एक सामना पाहावा, आणि तो राष्ट्रीय क्रमवारीवरून निवडू नये. ज्या सामन्याने कॉन्फरन्सच्या तक्त्यात वरखाली होणार असेल, तो निवडावा. एक वही करून त्यात अठरा नावे लिहावीत आणि शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी निकाल स्वतःच्या हाताने भरावेत. तयार तक्ता फोनवर मिळतो हे मला ठाऊक आहे. पण हाताने भरताना कोण कोणाशी खेळलेच नाही हे जसे लक्षात येते, तसे तयार तक्ता पाहून येत नाही.

प्रश्न : तक्ता पाहते, पण समजत नाही. आपल्या क्रिकेटच्या साखळी सामन्यांत गुण असतात आणि धावगती असते. येथे दोन-दोन जोड्यांत आकडे दिलेले असतात आणि कधी अधिक विजय मिळवलेला संघ खाली दिसतो. शिवाय २०२४ मध्ये इंडियाना आणि पेन स्टेट दोघांचेही आठ विजय असताना एकच संघ अंतिम सामन्यात कसा गेला, यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. (एक वाचक, ब्लूमिंग्टन, इंडियाना)

उत्तर : दोन जोड्यांपैकी एक कॉन्फरन्समधल्या नऊ सामन्यांची असते आणि दुसरी सगळ्या बारांची. कॉन्फरन्सचा क्रम पहिल्या जोडीवरूनच लागतो. त्यामुळे बाहेरच्या तीन दुबळ्या संघांना हरवून एकंदर सात विजय मिळवलेला संघ, एकंदर सहाच विजय असलेल्या पण कॉन्फरन्समध्ये अधिक जिंकलेल्या संघाच्या खाली राहू शकतो. गुण नाहीत, बरोबरी नाही आणि धावगतीसारखा हिशेबही नाही; ६६-० ने जिंकले काय आणि एका गुणाने जिंकले काय, तक्त्यात दोन्ही सारखेच.

तक्ता वाचताना नजर विजयांच्या रकान्याकडे जाते, ती आधी पराभवांच्या रकान्याकडे न्यावी. ऑक्टोबरच्या मध्याला कोणाचे चार सामने झालेले असतात, कोणाचे तीन, कारण मोकळे आठवडे सगळ्यांचे एकाच वेळी येत नाहीत. न खेळलेला सामना पुढे जिंकता येतो, पण हरलेला परत मिळत नाही. अठरांतल्या पहिल्या दोघांनाच अंतिम सामना खेळायला मिळतो, आणि नऊ सामन्यांत दोन पराभव झाले की ती वाट बहुधा बंद होते. म्हणून पहिल्या पराभवानंतर पाठीराख्यांचे चेहरे जेवढे उतरतात, तेवढे ते दुसऱ्यानंतर उतरत नाहीत. दुसऱ्यानंतर उरतो तो केवळ वैताग.

आता आपल्या घरातला वाद. २०२४ मध्ये ओरेगनने नऊच्या नऊ सामने जिंकले, त्यामुळे अंतिम सामन्यातली एक जागा निश्चित झाली. दुसऱ्या जागेसाठी शेवटच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, ओहायो स्टेट, पेन स्टेट आणि इंडियाना हे तिघे एकेक पराभव घेऊन उभे होते. ओहायो स्टेट ओरेगनकडून ३२-३१ असे हरले होते. मात्र त्यांनी पेन स्टेटला २०-१३ आणि इंडियानाला ३८-१५ असे हरवलेले असल्यामुळे त्यांनी घरच्या मैदानावर मिशिगनला हरवले असते तर विषय तिथेच संपला असता. मिशिगनचा तो हंगाम साधारण होता आणि ओहायो स्टेट जिंकणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. सामना १०-१० असा अडला, शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडून तीन गुण मिळवले, आणि १३-१० ने जिंकला. ओहायो स्टेटचा दुसरा पराभव लिहिला गेला आणि दुसऱ्या जागेसाठी ८-१ असे दोघेच उरले.

पेन स्टेट आणि इंडियाना त्या हंगामात एकमेकांशी खेळलेलेच नव्हते, त्यामुळे पहिली कसोटी, म्हणजे आपसातला सामना, लागू पडली नाही. पुढची कसोटी समान प्रतिस्पर्ध्यांची. यूसीएलए, मेरीलँड, वॉशिंग्टन, पर्ड्यू आणि ओहायो स्टेट हे पाच संघ दोघांच्याही वाट्याला आले होते. चौघांना दोघांनीही हरवले होते आणि ओहायो स्टेटकडून दोघेही हरले होते. तीही कसोटी बरोबरीत सुटल्यावर प्रश्न प्रतिस्पर्ध्यांच्या बळावर आला. पेन स्टेटच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांनी कॉन्फरन्समध्ये मिळून ३३ सामने जिंकले होते, इंडियानाच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांनी २८. एवढ्या फरकाने पेन स्टेट इंडियानापोलिसला गेले आणि इंडियानाच्याच राजधानीत होणाऱ्या त्या सामन्याला इंडियानाचा संघ मुकला. ज्यांनी वही ठेवली होती, त्यांनी हा हिशेब त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर केला असणार.

अन्याय झाला का, असे आपण विचारले आहे. थोडा झाला, पण तो त्या दिवशी झालेला नाही, वेळापत्रक ठरले तेव्हाच झाला होता. अठरा संघांत प्रत्येकाला सतरा प्रतिस्पर्धी, आणि सामने नऊ. म्हणजे जवळजवळ निम्म्या संघांशी गाठच पडत नाही. २०२३ पर्यंत पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग होते आणि दोघांचे विजेते अंतिम सामना खेळत. त्यात पश्चिम विभाग इतका दुबळा ठरला, की २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत त्याच्या विजेत्याला एकदाही कॉन्फरन्स जिंकता आली नाही. विभाग गेले ते बरेच झाले, असे माझे मत आहे. पण त्यांच्या जागी आलेल्या एकत्र तक्त्यात कोणाच्या वाट्याला कोण आले याला फार महत्त्व चढले आहे. म्हणून पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले की आपल्या संघाच्या यादीत कोण नाही, हे आधी पाहावे.

प्रश्न : २०२४ च्या त्याच हंगामात ओहायो स्टेटने कॉन्फरन्सचा अंतिम सामनासुद्धा खेळला नाही आणि शेवटी देशाचे विजेतेपद मात्र पटकावले. मग कॉन्फरन्सची ही सगळी चुरस पाहायची कशासाठी? (एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन)

उत्तर : ॲन आर्बरहून, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाहून, आलेल्या पत्रात हा प्रश्न असणार, हे पाकीट उघडण्यापूर्वीच ओळखले होते.

घडले ते असे. राष्ट्रीय विजेतेपदासाठी २०१४ पासून चार संघांची बाद फेरी होती, ती २०२४ मध्ये बारा संघांची झाली. या बारांची निवड करते ती तेरा सदस्यांची समिती, आणि हंगामाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी ती आपली क्रमवारी जाहीर करते. १९३६ पासून चालत आलेली पत्रकारांची एपी (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची) क्रमवारी वेगळी. तिच्यावर चर्चा पुष्कळ होते, पण तिच्यावरून आज कोणाला प्रवेश मिळत नाही. नव्या प्रेक्षकांची या दोघांत नेहमी गल्लत होते. २०२४ मध्ये बारांपैकी पाच जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखून उरलेल्या सात समितीने भरल्या, आणि बिग टेनमधून ओरेगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट व इंडियाना असे चौघे गेले. कॉन्फरन्सचा अंतिम सामना ओरेगनने पेन स्टेटविरुद्ध ४५-३७ असा जिंकला होता, म्हणून त्यांना पहिले मानांकन आणि पहिल्या फेरीतून सूट मिळाली. आठवे मानांकन मिळालेल्या ओहायो स्टेटने आपल्याच मैदानावर टेनेसीला ४२-१७ असे नमवले, आणि मग रोझ बोल या सामन्यात त्याच ओरेगनला ४१-२१ असे लोळवले. पुढे टेक्सासला २८-१४ आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात नोटर डेमला ३४-२३ असे हरवून ते देशाचे विजेते झाले.

या उदाहरणावरून कॉन्फरन्सचे विजेतेपद स्वस्त झाले, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. ओरेगनच्या पाठीराख्यांना विचारले तर सूट मिळाल्याचा तोटाच झाला असे ते म्हणतील, आणि २०२५ पासून विजेत्यांना मिळणारी ती खास सूटही काढून क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना देण्यात आली. परंतु याची दुसरी बाजू अशी, की कॉन्फरन्सबाहेरच्या जगाशी संबंध न ठेवताही जो सामना लोकांच्या जिवाला लागतो, तो कॉन्फरन्समध्येच होतो. त्या जानेवारीत कोलंबसमध्ये ढोलताशे वाजत असताना ॲन आर्बरमध्ये आपले शेजारी काय म्हणत होते, ते आपण पत्रात स्वतःच लिहिले आहे : ‘ठीक आहे, पण आम्ही त्यांना हरवले.’ या दोन विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ मध्ये झाला, १९१८ पासून तो दरवर्षी होत आला आहे, आणि २०२० मध्ये महासाथीमुळे रद्द झाला तेवढाच त्यात खंड पडला. २०२१ ते २०२४ असे चार वेळा लागोपाठ मिशिगन जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या प्रशिक्षकालाही कोलंबसमध्ये या चार पराभवांचा जाब विचारला जात होता, यावरून काय ते समजावे.

प्रश्न : आमचा संघ ऑक्टोबरमध्येच विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद होतो. दरवर्षी. त्यानंतर पाहण्यासारखे काय उरते? (एक वाचक, मिनिआपोलिस, मिनेसोटा)

उत्तर : आपल्या संघाच्या वाट्याला आलेल्या वस्तूंकडे पाहिले तर उरलेला हंगामच अधिक भरगच्च आहे असे मला वाटते. मिनेसोटाचे तीन सामने अशा तीन वस्तूंसाठी होतात, की जगातल्या कोणत्याही क्रीडामंडळाने त्या ठरवून निवडल्या नसत्या : एक पाण्याचा घडा, एक डुक्कर आणि एक कुऱ्हाड.

घडा मिशिगनबरोबरच्या सामन्याचा. १९०३ मध्ये मिशिगनचा संघ मिनिआपोलिसला आला, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी तिथेच तीस सेंटला एक घडा विकत घेतला. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या गडबडीत पाहुणे घडा विसरून गेले. तो परत मागितल्यावर, हवा असेल तर येऊन जिंकून न्या, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हापासून तो जिंकणाऱ्याकडे जातो आणि त्याच्या अंगावर सामन्यांचे निकाल रंगवलेले असतात.

डुकराची कथा वरवर विनोदी आहे, पण तिचे मूळ तसे नाही. १९३४ च्या सामन्यात आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतके तुडवले, की त्याला मैदान सोडावे लागले. पुढच्या वर्षी मिनेसोटाचा संघ आयोवात यायचा होता आणि प्रेक्षक हे सहन करणार नाहीत असे आयोवाच्या गव्हर्नरांनी बोलून दाखवल्यामुळे वातावरण तापले होते. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांना तार करून एका डुकराची पैज लावली आणि लोकांचे लक्ष भांडणावरून पैजेकडे वळवले. मिनेसोटा १३-६ असे जिंकले. हेरिंग यांनी जिवंत डुक्कर स्वतः ओल्सन यांच्या कचेरीत आणून दिले, आणि ओल्सन यांनी त्याचा काशाचा पुतळा करून घेतला. ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ या नावाचा तो पुतळा सुमारे ९८ पौंडांचा आहे. जिंकलेला संघ धावत जाऊन तो उचलतो खरा, पण पहिल्या झटक्यात खेळाडूंचे गुडघे कसे वाकतात ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे.

कुऱ्हाड विस्कॉन्सिनबरोबरच्या सामन्याची, आणि तो सामना हंगामाच्या अखेरीस येतो. जिंकलेले खेळाडू ती घेऊन गोलपोस्टकडे धावतात आणि खांब तोडल्याचा अभिनय करतात. इंडियाना आणि पर्ड्यू यांच्याकडे १९२५ पासून लाकडी बादली आहे. प्रत्येक सामन्यानंतर विजेत्याच्या नावाच्या आद्याक्षराची एक कडी तिच्या साखळीत ओवली जाते. तो पहिला सामना ०-० असा सुटल्यामुळे साखळीतली पहिलीच कडी दोन्ही अक्षरांची आहे.

शर्यतीतून बाद झालेल्या संघाला आणखी एक लक्ष्य असते, ते सहा विजयांचे. बारांपैकी सहा जिंकले की डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या बोल सामन्याचे, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्याचे, निमंत्रण मिळू शकते आणि संघाला सरावाचे काही अधिक आठवडेही मिळतात. पाच विजयांवर अडकलेल्या दोन संघांचा नोव्हेंबरमधला सामना मी वरच्या दोन संघांच्या सामन्यापेक्षा आवडीने पाहतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना लपवायला काही नसते. आणि तळाच्या संघाला कमी लेखू नये. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी इलिनॉय हा तेव्हा धडपडणारा संघ सातव्या क्रमांकावरच्या पेन स्टेटच्या मैदानावर गेला. निर्धारित वेळेत १०-१० अशी बरोबरी झाली. तिसऱ्या जादा डावापासून प्रत्येकाला फक्त दोन गुणांचा एकेक प्रयत्न मिळतो, असा नवा नियम त्या वर्षी आला होता. दोन्ही संघ आळीपाळीने तीन यार्डांवरून प्रयत्न करत राहिले आणि चुकत राहिले, आणि नवव्या जादा डावात इलिनॉय २०-१८ असे जिंकले. इतके जादा डाव कॉलेज फुटबॉलमध्ये त्याआधी कधीच झाले नव्हते. हा सामना सुंदर होता असे कोणी म्हणणार नाही, पण तो पाहिलेला माणूस तो विसरलेला मला भेटलेला नाही.

प्रश्न : मुलाला भेटायला आयोवा सिटीला गेले होते, तेव्हा पहिल्यांदा मैदानावर सामना पाहिला. आपल्या संघाकडे चेंडू आला म्हणून मी जोरात ओरडले, तर पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून तोंडावर बोट ठेवले. माझे काय चुकले? पुन्हा जाताना काय लक्षात ठेवावे? (एक वाचक, शिकागो)

उत्तर : आजोबांचे बरोबर होते. आपला संघ चढाई करत असतो तेव्हा क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला, आपल्या साथीदारांना आवाज देऊन चाल बदलावी लागते, म्हणून घरचे प्रेक्षक गप्प राहतात. प्रतिस्पर्धी चढाईवर असतात तेव्हा, आणि विशेषतः त्यांचा तिसरा डाऊन (पुढे सरकण्याचा एकेक प्रयत्न म्हणजे डाऊन) असतो तेव्हा, मनसोक्त ओरडावे. चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढे जायचे असतात आणि चौथ्यावर बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर धाडतात, त्यामुळे चढाई टिकणार की मोडणार हे तिसऱ्यावरच ठरते. मैदानावर कोठे पाहावे हे कळेनासे झाले तर फलकावर तिसरा डाऊन आणि उरलेले यार्ड पाहावेत. दोन यार्ड उरले असतील तर सरळ घुसण्याची शक्यता अधिक, नऊ उरले असतील तर चेंडू बहुधा हवेत फेकला जाणार.

आयोवाच्या त्या किनिक स्टेडियममध्ये आपण पहिल्या क्वार्टरनंतर, म्हणजे खेळाचा पहिला चतुर्थांश संपल्यावर, काय केले, ते पत्रात लिहिलेले नाही. मैदानाला लागूनच विद्यापीठाचे बालरुग्णालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यांवरून मैदान दिसते. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सारे प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचसुद्धा तिकडे वळून हात हलवतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ऐकून होतो, तरी माझ्या शेजारचा, क्वार्टरभर पंचांच्या नावाने शंख करणारा गृहस्थ, हातातला कागदी पेला पायाशी ठेवून दोन्ही हात वर करून उभा राहिला, तेव्हा खिडक्यांकडे पाहावे की त्याच्याकडे, हे मला कळेना. वर खिडक्यांमध्ये लहान लहान हात हलत होते. मिनिटभराने खेळ सुरू झाला आणि त्याने पुन्हा शंख करायला घेतला.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच आहेत. सामन्याची तारीख कित्येक महिने आधी ठरते, पण वेळ बहुतेक वेळा बारा दिवस आधी, आणि कधी सहाच दिवस आधी जाहीर होते, कारण वाहिन्या आपापले सामने तेव्हा निवडतात. पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी बाराचा सामना फॉक्सचा, साडेतीनचा सीबीएसचा आणि संध्याकाळचा एनबीसीचा, अशी ठोकळ वाटणी २०२३ च्या करारापासून आहे. उरलेले बिग टेन नेटवर्कवर आणि इतरत्र विखुरतात. तेव्हा वेळ जाहीर होण्यापूर्वी परतीचे विमान ठरवू नये. खेळाचा वेळ साठ मिनिटांचा असला तरी सामना साडेतीन तास चालतो. पिशवी न्यायचीच झाली तर मैदानाचा नियम आधी पाहावा, कारण अनेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते आणि काही ठिकाणी तीही नाही. विद्यार्थ्यांच्या भागाजवळची जागा घेतली तर सगळा सामना उभ्याने पाहण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : एका हंगामात नावे पाठ होतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये अर्धा संघ नवा असतो. मन कोणात गुंतवायचे? (एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन)

उत्तर : ही तक्रार रास्त आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागे. ते बंधन गेले, २०२१ पासून स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातला वाटाही थेट देऊ लागली. त्यामुळे दर हिवाळ्यात मोठी स्थलांतरे होतात. २०२४ चेच पाहा : ओरेगनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रियल ओक्लाहोमातून आलेला, ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आणि इंडियानाचा कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून. इंडियानाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी तर आपल्या जुन्या विद्यापीठातले कितीतरी खेळाडू बरोबर घेऊन आले, आणि आदल्या वर्षी तीनच सामने जिंकलेला संघ नियमित हंगामात ११-१ असा गेला.

खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळतो याबद्दल माझी तक्रार नाही. इतकी वर्षे सगळे कमावत होते आणि तेच तेवढे नव्हते. प्रेक्षक म्हणून मी एवढेच करतो, की वसंतातल्या बातम्या वाचत नाही. कोण जाणार, कोण येणार, कोणाला किती मिळाले, हे सगळे ऑगस्टपर्यंत चारदा बदलते. पहिल्या सामन्याच्या सकाळी खेळाडूंची यादी छापून घेतो आणि नव्या नावांखाली पेन्सिलने रेघ मारतो. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांतली निम्मी तरी तोंडात बसतात. मॅडिसनला तिसरा क्वार्टर संपल्यावर १९९८ पासून लावले जाणारे ते एक गाणे लागते आणि विद्यार्थ्यांच्या उड्यांनी वरचा सज्जा हलू लागतो, तेव्हा त्या यादीतले कोण नवे आणि कोण जुने हे तिथे कोणी विचारत नाही.